काउंटर बंद झाल्यावर

विश्वेश आणि नित्या, म्हणजे बाप आणि लेक, आठ महिन्यांपासून एकमेकांशी नित्याच्या आईमार्फत, कनकामार्फत, बोलत होते. रविवारी सकाळीही तेच चालले होते.

“अप्पांना सांग, गाडीची अडचण असेल तर मी बसनें जाईन,” आरशासमोर अंबाड्यात पिना खोचत नित्या म्हणाली. अप्पा, म्हणजे विश्वेश, तिच्यापासून चार हातांवर पेपर उघडून बसले होते.

“तिला सांग, मी अप्पाजींना घेऊन निघालोंच आहें,” पेपरामागून विश्वेश म्हणाला. “तिला बसायचें तर बसूं दे.”

कनकाने कोणालाच काही सांगितले नाही. चिंचेच्या भाताच्या डब्याचे झाकण ती तळहाताने दाबत राहिली. आठ महिने नवऱ्याचे लेकीला आणि लेकीचे नवऱ्याला पोचवून तिचा घसा नाही, पण मन थकले होते.

नित्याने बी.कॉम. केले तेव्हा विश्वेशने चेन्नईबाहेर सिरुसेरीला आपल्या ओळखीने एका कंपनीत तिच्यासाठी नोकरीची जागा बोलून ठेवली होती. एसी ऑफिस, कंपनीची बस, शनिवार-रविवार सुट्टी. नित्याने ती पाहिलीसुद्धा नाही. तिने पल्लावरमच्या एका लहानशा संस्थेत नाव घातले. विमानतळावर प्रवाशांचे चेक-इन करायचे, गेटवर बोर्डिंग घ्यायचे, म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून विमानापर्यंत न्यायचे, हरवलेल्या बॅगा शोधायच्या, या सगळ्याचे शिक्षण तिथे मिळत होते. विश्वेशने एकदाच विचारले होते, “कोणाचेंही ओरडणें ऐकून घ्यायला उभी राहणार तूं?” नित्या म्हणाली, “होय.” त्यानंतर संवाद बंद.

आज संस्थेची शेवटची परीक्षा होती. त्यात उत्तीर्ण झाली तर तीन महिने प्रत्यक्ष विमानतळावर शिकायला जायचे. त्यासाठी प्रवेशपास लागणार, पाससाठी पोलिसांची चौकशी होणार, आणि त्या कागदांना राहत्या घराचा पुरावा म्हणून घरमालकाची, म्हणजे विश्वेशची, सही हवी होती. फॉर्म पंधरा दिवस देवघराशेजारच्या फळीवर पडून होता. उद्या सोमवार, शेवटची तारीख. सिरुसेरीच्या जागेला होय की नाही सांगायचीही उद्याच शेवटची तारीख.

परीक्षेला घरच्या माणसांनी प्रवासी म्हणून यावे, असे संस्थेचे पत्र होते. विश्वेश येणारच नव्हता. पण ब्याऐंशी वर्षांचे त्याचे वडील, अप्पाजी, रात्रीच्या जेवणात म्हणाले होते, “मज न्यायला कोण? मी खुर्चीतला प्रवासी होणार आहें. नातीला वचन दिलें आहे.” वडिलांना नाही म्हणायची विश्वेशला सवय नव्हती.

पावणेआठला विद्यालक्ष्मी आली. विश्वेशची ही थोरली बहीण. अंबत्तूरच्या शाळेत तिने एकतीस वर्षे गणित शिकवले होते आणि अजूनही ती खोलीत शिरली की माणसे नीट बसत.

“अक्का, तूं पण येतेस?” कनकाने विचारले.

“येतें. काय शिकवतात तें बघतें. आणि बघून झालें कीं या पोरीला सरळ सांगतें.” तिने आवाज खाली आणला नाही. “दहा तास उभें राहायचें. पहांटे तीनला घरांतून निघायचें. उद्यां लग्नाचें कोणी विचारलें तर काय सांगणार? विश्वेश चूक नाही.”

विश्वेशने पेपर मिटला. बहीण आपल्या बाजूला आहे याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही, हे कनकाच्या लक्षात आले. उलट, कुणीतरी चुकीच्या गोष्टीसाठी शाबासकी द्यावी तसा तो ओशाळला होता. असे का, हे तिला कळेना.

---

संस्था टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होती. जिने चढताना अप्पाजींना दोनदा थांबावे लागले. वर एक लांब खोली होती. एका टोकाला प्लायवूडचा काउंटर, त्याच्याशेजारी खराखुरा वजनकाटा, आणि दुसऱ्या टोकाला दोन-दोन खुर्च्यांच्या सहा रांगा मांडून केलेले विमान. प्रत्येक मुलीच्या आणि मुलाच्या घरची दोन-तीन माणसे भिंतीकडेला बसली होती.

शिकवणाऱ्या बाईंचे नाव प्रमोदिनी. मूळच्या कोल्हापूरच्या, अठरा वर्षे वेगवेगळ्या विमानतळांवर काढून इथे आलेल्या. नित्याने ओळख करून दिली तेव्हा अप्पाजींनी हात जोडले.

“आमची नात तुमचें नांव दिवसांतून दहा वेळां घेते.”

प्रमोदिनीबाई हसल्या. “तुमच्या घरी सगळे असंच बोलता? माझ्या पणजीची पत्रं होती घरात. त्यांत असं मराठी होतं.”

“आम्ही तंजावरचे. तीनशें वर्षें झालीं येऊन. आम्हांस कोणी सांगितलेंच नाही कीं तिकडे भाषा बदलली म्हणून.”

अप्पाजींची पाळी लवकर आली. चाकाची खुर्ची आणली गेली. त्यांनी मनाची तयारी केली होती. सहा वर्षांपूर्वी तुळसी, त्यांची बायको, गेली. त्यानंतर गुडघे गेले, आणि तेव्हापासून माणसे त्यांना उचलत होती. प्रेमाने उचलत होती, तक्रार करायला जागा नव्हती. मुलगा काखेत हात घालून उठवी, दवाखान्यातला माणूस मागून ढकली, देवळात अनोळखी लोक दंड धरून पायरी चढवीत. ब्याऐंशीव्या वर्षी आपण एक सामान झालो आहोत, हे त्यांनी मान्य करून टाकले होते.

नित्या खुर्चीशेजारी आली. ती मागे उभी राहिली नाही. समोर येऊन, गुडघे वाकवून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आली.

“नमस्कार सर. माझें नांव नित्या. मी तुम्हांस गेटपर्यंत नेणार आहें. खुर्चीत बसतांना तुम्हांस मदत लागेल कां?”

“थोडी लागेल.”

“कुठला हात धरूं?”

अप्पाजी तिच्याकडे बघत राहिले. कोणता गुडघा जास्त दुखतो, कोणत्या बाजूने वळणे सोपे पडते, हे त्यांना ठाऊक होते. सहा वर्षांत कोणी विचारले नव्हते.

“उजवा,” ते म्हणाले.

तिने ब्रेक लावल्याची खात्री केली, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडल्या, उजवा हात धरला आणि ते स्वतः उठून वळेपर्यंत थांबली. तिने ओढले नाही. बसल्यावर पट्ट्या खाली केल्या. “आतां निघतों आपण. पुढें एक उंबरठा आहे, थोडा धक्का बसेल,” असे आधी सांगितले, मग खुर्ची हलवली. विमानाच्या रांगेपाशी त्यांना पुन्हा विचारून उठवले, आणि खिडकीच्या बाजूला, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या बाजूला, बसवले.

“आणखी काही हवें कां, सर?”

अप्पाजींनी मान हलवली. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. ते पलीकडून विद्यालक्ष्मीने पाहिले.

“काय झालें, अप्पाजी? लागलें कां?”

“नाही ग. पोरगीनें विचारलें,” ते म्हणाले. “विचारून धरलें मज.”

विद्यालक्ष्मीने स्वतःच्या हातांकडे पाहिले. सकाळी गाडीतून उतरताना तिनेच त्यांना दंड धरून बाहेर काढले होते.

---

काउंटरची परीक्षा उरली होती. नित्याने प्लायवूडमागे उभे राहून हात पुसले. आतापर्यंत ठीक चालले होते. घोषणा तिने तमिळ, हिंदी, इंग्रजी, तिन्हींत नीट वाचली होती.

प्रमोदिनीबाईंनी पालकांना सांगितले, “काय बोलायचं त्याच्या चिठ्ठ्या मी देणार नाही. नाटक करू नका. प्रवासात तुमच्यावर खरंच ओढवलेली अडचण घेऊन काउंटरवर या.”

पहिली आली विद्यालक्ष्मीआत्याच. तिने काट्यावर पिशवी ठेवली आणि वर्गात पट्टी आपटावी तशी काउंटरवर बोटे आपटली.

“यांत आवळ्याचें लोणचें आहे. मागच्या वेळीं तुमच्या माणसानें काढून टाकलें. कोणच्या नियमानें?”

“मॅडम, हातांतल्या पिशवींत तेलाचें लोणचें नेतां येत नाही. पण तुमची मोठी बॅग अजून माझ्याकडेच आहे. तिच्यांत घालायला वेळ आहे. मी जाड पिशवी आणि टेप देतें, आपण दोघी मिळून बांधूं.”

आत्याने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले. “हें त्यानें कां सांगितलें नाही?” ती पुटपुटली, आणि पिशवी उचलून जाऊन बसली. कुणीतरी हसले.

“नित्यासाठी आणखी एक प्रवासी हवा,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “वडील आलेत ना?”

अप्पा मागच्या खुर्चीत होते. त्यांनी हाताने नको अशी खूण केली. मग, काय झाले कोण जाणे, ते उठले. भरभर चालत आले. इतके भरभर, की नित्या नकळत अर्धे पाऊल मागे सरली.

“चेन्नई,” ते म्हणाले. “बोर्डिंग पास.”

तिने समोरच्या तक्त्यावर वेळ पाहिली. “सॉरी सर, चेन्नईच्या फ्लाइटचा काउंटर दहा मिनिटांपूर्वी बंद झाला.”

“विमान अजून उभें आहे.”

“होय सर, पण—”

“विमान उभें आहे आणि तूं मला जाऊं देत नाहीस!” आवाज चढला. खोलीतली कुजबूज थांबली. “दहा मिनिटें! दहा मिनिटांसाठीं? तुम्हां लोकांना एवढेंच येतें, नाही म्हणायला! डोकें नाही, समज नाही, एक स्कार्फ बांधून उभें केलेलें आहे! तुझ्यापेक्षां मशीन बरें! तुझ्या वरच्याला बोलव! तुझी नोकरी राहते कां बघतों मी!”

आठ महिन्यांत अप्पा तिच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द होते.

अप्पा आपल्यावर सूड उगवत आहेत, असे नित्याला वाटले. सगळ्यांसमोर. तिला रडू येणार होते, आणि काउंटरवर रडायचे नसते हेही ठाऊक होते. आवाज खाली ठेवा, पर्याय सांगा, वरिष्ठांना बोलवा, असे शिकवले होते. पर्याय होता: पुढची फ्लाइट संध्याकाळी सव्वासहा. तिने तोंड उघडले, आणि तेव्हा तिची नजर अप्पांच्या हातांकडे गेली. प्लायवूडची कड त्यांनी अशी धरली होती की नखे पांढरी पडली होती. रागावलेल्या माणसाचे हात असे नसतात, हे तिला आठ महिन्यांत कुणी सांगितले नव्हते. पण दिसले.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली. परीक्षेत हे करायचे नव्हते. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“सर, चेन्नईला काय झालें आहे?”

अप्पांचे ओठ हलले. मग ते हळूच म्हणाले, “हेंच विचारलें होतें तिनें.”

“कोणी?”

ते काट्याच्या कडेवर बसले. काट्यावरचे आकडे धावत जाऊन थांबले. कुणालाच हसू आले नाही.

---

प्रमोदिनीबाईंनी बाकीच्या मुलांना दहा मिनिटांची सुट्टी दिली. विश्वेश मान खाली घालून बसला होता. कनका पाणी घेऊन आली. अप्पाजींना पुन्हा चाकाच्या खुर्चीत बसवून नित्याने जवळ आणले. विद्यालक्ष्मी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

सहा वर्षे विश्वेशने ही गोष्ट एकट्याने बाळगली होती. आता ती बाहेर काढताना कुठून धरावी तेच त्याला कळत नव्हते.

“अम्मा गेली त्याच्या आदल्या दिवशीं मी पुण्यांत होतों,” तो म्हणाला. “अक्का, तुझा फोन आला, ताबडतोब नीघ म्हणून. मी विमानतळावर पोचलों तेव्हां काउंटर बंद. तिथें एक मुलगी होती. आतां जें बोललों तें मी तिला बोललों होतों. याहून जास्त बोललों. मागें रांग होती, अवघे ऐकत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलें तरी मी थांबलों नाही.”

“मग?” विद्यालक्ष्मीचा आवाज बदलला होता.

“मग तुझा पुन्हां फोन आला. मी तुला म्हणालों, अक्का, अम्माला सांग मला यायला मिळत नाही. आपल्या मराठींत म्हणालों. त्या मुलीला तें कळलें. तोंवर मी इंग्रजीच फेकत होतों ना. ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘काका, आईंना काय झालंय?’ काका म्हणाली मला. एवढें ऐकून घेऊन.”

त्याने पाणी घेतले, पण तो ते प्याला नाही.

“तिनें कुठें कुठें फोन केले. बॅग आत जाणार नव्हती. ‘बॅग माझ्याकडे ठेवा, उद्या तुमच्या माणसाला पाठवा, आता माझ्याबरोबर पळा,’ म्हणाली. ती पुढें, मी मागें. रांगांमध्यें लोकांना हात जोडून वाट मागत होती. विमानाच्या दारांत मी शिरलों, दार लागलें. मी मागें वळून पाहिलेंसुद्धां नाही. तिच्या छातीवर नांवाची पट्टी होती, ती मी वाचली नाही.”

“रात्रीं साडेतीनला आलास तूं हॉस्पिटलांत,” अप्पाजी सावकाश म्हणाले. “तुळसी जागी होती. तुला बघून म्हणाली, हात हलवीत कां आलास, बॅग कुठें टाकलीस?”

“होय. मी म्हणालों, येईल मागून. मग ती दोन तास बोलत होती माझ्याशीं. पहांटे गेली.” विश्वेशने पहिल्यांदा वर पाहिले. नित्याकडे. “ते दोन तास मला त्या मुलीनें दिले. आणि मी तिला काय दिलें तें तूं आतां ऐकलेंस. तूं हें शिकायचें म्हणालीस, तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें तिचा चेहरा आला. त्या जागीं तूं. आणि समोर माझ्यासारखा कोणीतरी. मला तें सहन होईना. काम हलकें आहे म्हणून मी नाही म्हणालों नव्हतों, नित्या. माणसें कशीं असतात तें मला ठाऊक होतें. मीच तसा होतों.”

“आणि मी,” विद्यालक्ष्मी म्हणाली, “मी सहा वर्षें म्हणतें आहें कीं देवानें तुला वेळेवर आणलें म्हणून. दरवर्षीं त्या दिवशीं अभिषेक करतें. अय्यो, विश्वेश, एक पोरगी होती ती! आणि मी आज सकाळीं काय काय बोललें!”

“अभिषेक सोडूं नकोस,” अप्पाजी म्हणाले. “तिच्या नांवानें कर.”

“नांव कुठें ठाऊक आहे?”

प्रमोदिनीबाई इतका वेळ बाजूला उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

“काउंटर बंद झाल्यावर माणूस आत घ्यायचा म्हणजे ड्यूटी मॅनेजरला विचारावं लागतं, गेटवाल्यांना मनवावं लागतं, आणि उशीर झाला तर जबाबदारी घ्यायला स्वतःचं नाव द्यावं लागतं,” त्या म्हणाल्या. “दर वेळी जमत नाही. नाही म्हणावं लागतं तेच जास्त, आणि तेही शिकावं लागतं. पण तुम्ही तारीख आणि फ्लाइट नंबर देऊन त्या कंपनीला पत्र लिहा. त्या दिवशी काउंटरवर कोण होतं, याची नोंद कदाचित सापडेल.”

“सहा वर्षांनीं?”

“आभाराची पत्रं आम्हाला फार येत नाहीत, विश्वेशजी. आलं तर लोक शोधतात.”

मग त्या नित्याकडे वळल्या. “तू काउंटर सोडून बाहेर आलीस. पर्यायी फ्लाइट सांगितली नाहीस. त्याचे मार्क मी कापणार.”

“होय मॅडम.”

“पास आहेस. पण कापणार.”

नित्या हसली, आणि हसताना रडली. विश्वेश उठला. त्याला मुलीला जवळ घ्यायचे होते, आणि आठ महिन्यांनंतर ते कसे करतात हे आठवेना. त्याने तिच्या सुटलेल्या अंबाड्यातली, खाली लोंबणारी पिन काढून तिच्या हातात दिली.

“फॉर्म कुठें आहे?” त्याने विचारले. तिला. कनकाला नव्हे.

“घरीं. फळीवर.”

“सरी, ठीक आहे. घरीं गेल्यावर सही करतों. सिरुसेरीच्या माणसाला मीच फोन करून नाही सांगतों.”

बाकीच्यांच्या परीक्षा आटोपल्यावर कनकाने डबा उघडला. चिंचेचा भात सहाजणांना पुरेल इतका होता. प्रमोदिनीबाईंनाही तिने बळेच बसवले. विमान म्हणून मांडलेल्या खुर्च्यांवर बसून सगळे जेवले. या आठ महिन्यांत आपल्याला काहीच करता आले नाही, असे कनकाला रोज वाटत आले होते. आज नवरा भाताचा घास हातात धरून लेकीला विचारत होता, खुर्चीचा ब्रेक नेमका कुठे असतो, आणि लेक सांगत होती. मध्ये तिची गरज नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने स्वतः गरम-गरम नसले तरी पोटभर खाल्ले.

---

पत्र स्कॅन होऊन त्याच संध्याकाळी विमान कंपनीला ईमेलने गेले. ते तिघांनी मिळून लिहिले: विश्वेश सांगत होता, नित्या इंग्रजीत उतरवत होती, आणि अप्पाजींनी हट्टाने खाली चार ओळी देवनागरीत स्वतःच्या हाताने घातल्या. नंतर तीन आठवडे काही आले नाही. दरम्यान पोलीस येऊन चौकशी करून गेले, नित्याचा पास झाला, आणि तिला पहिली ड्यूटी लागली: मंगळवार, पहाटे पाच.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता विश्वेशचा फोन वाजला. अनोळखी नंबर. विद्यालक्ष्मीही तेव्हा घरातच होती. भाचीला पहिल्या दिवशी ओवाळायचे म्हणून मुक्कामाला आली होती.

“विश्वेश सर बोलताय का? मी प्राची. साताऱ्याहून. त्या दिवशीच्या नोंदीत माझं नाव निघालं, म्हणून आमच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं तुमचं पत्र पाठवलं मला.”

विश्वेश उभा राहिला. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून त्याने फोन स्पीकरवर घातला आणि टेबलावर ठेवला. अप्पाजी कान पुढे करून बसले. नित्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“अम्मा... ताई,” तो म्हणाला, काय म्हणून हाक मारावी ते न कळून. “मी तुमची क्षमा मागतों. त्या दिवशीं मी जें बोललों...”

“सर, खरं सांगू का?” पलीकडून संकोचलेले हसू आले. “मला आठवत नाही. पत्र वाचून खूप आठवून पाहिलं. पण मी सहा वर्षं काउंटरवर होते. ओरडणारे फार यायचे, गेटपर्यंत पळत नेलेलेही बरेच असतील. तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली. आता मुलगा लहान आहे.”

विश्वेशने सहा वर्षे रोज वाहिलेली गोष्ट तिच्या लक्षातही नव्हती. त्याला एकदम हलके वाटले, आणि त्याच वेळी आपण फार लहान आहोत असेही वाटले.

“पत्रात एक गोष्ट नाही लिहिलीत तुम्ही,” प्राची म्हणाली. “म्हणून फोन केला. पोहोचलात ना वेळेवर? आई भेटल्या?”

“भेटल्या,” विश्वेश म्हणाला. “दोन तास बोलल्या.”

“मग झालं.” ती मनापासून म्हणाली. “आम्हाला पुढचं कधी कळतच नाही हो. दार लागलं की संपलं. बरं वाटलं ऐकून.”

अप्पाजी फोनकडे वाकले. “बाळ, मी तिचा नवरा. तुझें भलें होवो. आणखी काय बोलूं?”

“काही नको, आजोबा. तुम्ही एवढं सांगितलंत ना.” मग जरा थांबून, “पत्रात वाचलं, तुमची नातही विमानतळावर काम करणार म्हणे?”

“उद्यांपासून. मी इथेंच आहें,” नित्या म्हणाली. “ताई, काही सांगाल कां मला?”

“एकच. बूट चांगले घे. संस्थेतले काळे कडक असतात ते घालून दहा तास उभी राहू नकोस, टाचा जातील. अर्धा नंबर मोठे घे. दुपारनंतर पाय सुजतात.”

मागे कुठेतरी लहान मूल रडू लागले. प्राची घाईने “ठेवते हं” म्हणाली आणि फोन बंद झाला.

विद्यालक्ष्मीने पदराने नाक पुसले. कनकाने अप्पाजींच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, थांबली, आणि विचारले, “पाणी देऊं?”

विश्वेशने घड्याळ पाहिले. सात वाजून वीस मिनिटे.

“अड्यारचीं दुकानें नऊपर्यंत उघडीं असतात,” तो नित्याला म्हणाला. गाडीची किल्ली त्याने आधीच उचलली होती. “चल. ऊठ. अर्धा नंबर मोठे.”

“थांबा, मी पण येतें,” विद्यालक्ष्मी चपला शोधू लागली. “तुम्हां दोघांना मापांतलें काही कळत नाही.”